दोन पिवळ्या रेषांमधला सांधा

मित्रांनो, माझ्यावरून जाताना तुम्ही खुशाल झोपता, काचेला नाक लावता, मागच्या सीटवर मारामाऱ्या करता. मला मात्र तुमची गाडी दिसली की कुठे पळू असं होतं. मी एक जुना महामार्ग आहे आणि, आता लपवायचं कशाला, चांगलाच भित्रा आहे.

महामार्गाने भित्रं असू नये हे मलाही कळतं. माझे थोरले भाऊबंद डोंगर फोडतात, शहरंच्या शहरं मागे टाकतात आणि कशाला म्हणून भीत नाहीत. मी आखूड. मोठ्या रस्त्याला जिथे फाटा फुटतो तिथे मी सुरू होतो आणि नदी आली की संपतो. ड्रायव्हरने एखादं गाणं लावलं तर ते अर्धं माझ्यावर होतं, उरलेलं पुलावर. मोठा रस्ता मला सारखा चिडवतो. म्हणतो, तुझ्यावर कुणाला शिंक येणार असेल तर ती बाहेर पडते पलीकडच्या काठावर. मी हसून घेतो. थोरल्यांपुढे काय बोलणार?

माझा जन्मच मुळी पुलासाठी झाला. आधी पूल बांधून झाला आणि मग लोकांच्या लक्षात आलं की त्याच्यापर्यंत पोचायला धड रस्ताच नाही. मग एकच धांदल उडाली. मुरूम आला, खडी आली, डांबराच्या धुराने आसमंत काळा झाला. पहिल्यांदा रोलर अंगावर आला तेव्हा माझी जी पाचावर धारण बसली, ती अजून पुरती उठलेली नाही. कामगार एकमेकांना म्हणत होते, दाब छान बसलाय. दाब कसला, मी भीतीने अंग चोरलं होतं!

पण रोलर परवडला, असं वाटायची वेळ पुढे आली. कामगार मला रोज थोडं थोडं पुढे नेत होते आणि एक दिवस समोरची जमीनच संपली. खाली पाणी. ही नदी समुद्राजवळची, रुंद, भरतीला काठोकाठ फुगणारी आणि ओहोटीला नुसता चिखल दाखवणारी. तिच्यावर तो लोखंडी पूल उभा होता. उंच, आणि वारा आला की घशातल्या घशात हुंकारणारा. मला वाटलं, आता मलाही तसंच पाण्यावर चढायला लावणार. पण नशीब बलवत्तर. माणसांनी मला काठावरच थांबवलं आणि माझं टोक पुलाच्या टोकाला जोडलं. त्या जोडाला सांधा म्हणतात. माझी सगळी गोष्ट त्या सांध्याचीच आहे, म्हणून तो जरा नीट समजून घ्या.

लोखंड उन्हात वाढतं आणि थंडीत आखडतं. तुम्ही नाही का थंडीत मुटकुळं करून झोपता आणि उकाड्यात हातपाय पसरता, तसंच. पुलाला पसरायला जागा हवी, नाहीतर तो शेजाऱ्याला लाथ मारणार. आणि शेजारी कोण, तर मी! म्हणून आमच्या मध्ये एक फट ठेवली होती आणि फटीवर कंगव्यासारख्या दोन पोलादी फण्या बसवल्या होत्या. एक माझ्या टोकाला, एक त्याच्या. एकीचे दाते दुसरीच्या दातांमध्ये. थंडीत ते लांब सरकायचे, उन्हाळ्यात जवळ यायचे. गाडी त्यांच्यावरून गेली की आधी पुढची चाकं वाजायची, मग मागची. खट्-खट्. तो आवाज कानावर पडला की माझा जीव भांड्यात पडायचा. गाडी माझ्या अंगावरून सुखरूप गेली, आता पुढचं पूल बघेल.

सुरुवातीची वर्षं कौतुकाची होती. आधी पलीकडच्या इस्पितळात जायचं तर लोकांना नावेची वाट बघत बसावं लागे, आणि वारा सुटला की नावाडी सरळ नाही म्हणे. आता माणसं सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला घरी येऊ लागली. पहिल्या दिवशी लोक मुद्दाम अनवाणी माझ्यावर चालले. माझी पाठ थोपटली. मी त्या थोपटण्यालाही दचकलो, पण बरं वाटलं.

माझी देखभाल करायला माझ्या कडेला पत्र्याचं एक ऑफिस होतं. तिथले मुकादम बुटके, गोल आणि तोंडाचे भारी बोलघेवडे. पुलाचं ऑफिस पुलाच्या पहिल्या खांबाखाली होतं. तिथले फोरमन उंच, मितभाषी, इस्त्रीच्या शर्टाला डांबराचा ठिपकासुद्धा लागू न देणारे. दोघांचं गुळपीठ असं, की दुपारी फोरमन लोखंडी जिना चढून वर यायचे, मुकादम माझ्या कडेने चालत जायचे आणि सांध्याजवळ कठड्याला टेकून दोघं डबा खायचे. एकमेकांना यथेच्छ शिव्या द्यायचे. उन्हाळा लागायच्या आधी मात्र दोघंही एकदम गंभीर. एकेक पट्टा बंद करून ते सांधा साफ करायचे. मुकादमांच्या हातात लांब आकडी, फोरमनच्या हातात हवेचा पाइप. फण्यांच्या दातांत अडकलेले खडे, वाळू, नटबोल्ट, सगळं उकरून काढायचे. फोरमन म्हणायचे, ‘सांध्याच्या तोंडात काही राहता कामा नये. उन्हात तो चावतो.’ हे वाक्य ऐकूनच मला घाम फुटायचा, पण ते दोघं असेपर्यंत मला काळजी नव्हती.

मुकादमांना एक मुलगी. ती गाडी शिकली ती माझ्याच कडेच्या पट्टीवर, बापाच्या जुन्या जीपमध्ये. काय सांगू मित्रांनो, ती जीप एकदा कठड्याकडे जायची, एकदा गटाराकडे. मला पापण्या असत्या तर मी डोळे मिटले असते. पण पोरगी जिद्दीची. पुढे ती बस चालवायला लागली. रोज दुपारी अलीकडची माणसं पलीकडे न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची. सांध्यावर बस आली की ती वेग कमी करायची, खट्-खट् ऐकायची आणि मग पुढे जायची. बापाने शिकवलं होतं, सांध्याचा आवाज ऐकल्याशिवाय पुलावर चढायचं नाही. अशा पोरीला भ्यायचं सोडून मी तिच्यावर जीव टाकायला लागलो. सगळ्या गाड्यांमध्ये मला तिची बस तेवढी आपली वाटायची.

याच मुलीचं लग्न फोरमनच्या मुलाशी झालं. दोन जिवलग मित्र व्याही झाले. सगळे म्हणाले, दुधात साखर. मला मात्र आतून धाकधूक वाटत होती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, म्हणा हवं तर. पण तो ब्रह्मराक्षस आलाच.

भांडण कशावरून झालं ऐकाल तर हसाल. एका रविवारी दोन्ही घरं एकत्र जेवायला बसली होती. फोरमन गमतीने म्हणाले, रस्त्याचं काय, तो जमिनीवरच पडलेला, पडून पडून पडणार कुठे? जपावं लागतं ते पुलाला. मुकादम म्हणाले, रस्ता नसेल तर तुमचा पूल म्हणजे नदीवर वाळत घातलेला टॉवेल. सगळं घर खो खो हसलं. हे दोघं सोडून. मित्र असताना याच्या दसपट एकमेकांना बोलायचे आणि संध्याकाळी विसरायचे. पण आता ते व्याही होते ना! व्याह्यांना धड भांडताही येत नाही आणि धड हसण्यावारीही नेता येत नाही. लग्नाआधी दोघांमध्ये ‘अरे’ होतं, लग्नानंतर ‘अहो’ आलं आणि त्या रविवारनंतर उरलं नुसतं ‘त्यांना सांगा.’

डबे आपापल्या ऑफिसात खाल्ले जाऊ लागले. पुढचा उन्हाळा जवळ आला. मुकादम म्हणाले, त्यांनी बोलावलं तर आकडी घेऊन जाईन. फोरमन म्हणाले, ते आले तर पाइप काढेन. कुणी बोलावलं नाही आणि कुणी गेलं नाही. सांधा तसाच राहिला.

मग एक दिवस फोरमननी पिवळ्या रंगाचा डबा आणला आणि पुलावर आडवी रेष ओढली. पुलाची हद्द इथून पुढे. रेष सांध्याच्या मधोमध ओढली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण सांधा आपल्या गळ्यात पडू नये म्हणून ती त्यांनी आपली फणी सोडून चांगली मागे ओढली. दुसऱ्या दिवशी मुकादमांनीही डबा आणला. ते काय कमी होते? त्यांनी माझी फणी सोडून माझ्या अंगावर मागे रेष ओढली. रस्त्याची हद्द इथपर्यंत. माणसं हद्द वाढवायला भांडतात असं मी ऐकून होतो. हे दोघं हद्द कमी करायला भांडत होते! दर वर्षी पावसाने रंग उडायचा, दर वर्षी दोघं नव्याने रेष ओढायचे आणि दर वेळी ती आणखी जराशी मागे जायची. मध्ये राहिला एक पट्टा, एखादा माणूस आडवा झोपेल एवढा. त्यात दोन्ही फण्या, मधली फट आणि माझा सगळा घोर.

माझ्यावरची झाडलोटीची गाडी मुकादमांच्या रेषेपाशी आली की ब्रश वर उचलायची आणि वळायची. पुलाची गाडी फोरमनच्या रेषेपाशी तेच करायची. तपासणीला साहेब लोक यायचे, तेही आपापल्या रेषेपर्यंत चालत यायचे आणि मागे फिरायचे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तसं झालं. फरक एवढाच की हा पाहुणा उपाशी नव्हता. तो खात होता. वाळू, खडे, ट्रकमधून सांडलेली खडी, फुटलेल्या दिव्यांच्या काचा, जे येईल ते. पाऊस आला की वरून गाळ ओतायचा आणि उन्हाने सगळं दगडासारखं घट्ट व्हायचं.

आणि आवाज बदलला. खट्-खट् जाऊन तिथे ढप् आलं. बसक्या गळ्याने. सगळ्या गाड्या तशाच निघून गेल्या. थांबली ती फक्त एक बस.

माझ्या कडेच्या थांब्यावर मुलगी बापाच्या हातचा चहा प्यायला उतरायची. त्या दिवशी तिने कप हातातच धरून ठेवला. म्हणाली, ‘बाबा, सांधा वाजत नाही आता.’

मुकादम म्हणाले, सांधा पुलाचा, सासऱ्यांना विचार. ती म्हणाली, विचारलं, आबा म्हणतात सांधा रस्त्याचा. मुकादम म्हणाले, मग त्यांना म्हणावं, स्वतः येऊन बोला.

‘आणि तोवर मी काय करू? बस उचलून घेऊन पट्टा ओलांडू?’

मुकादम हसले. ती हसली नाही. चहा तसाच ठेवून उठली. त्यानंतर तिने दोन्ही घरी धोशा लावला. नवऱ्यालाही मध्ये घातलं, पण त्याची गत दोन्हीकडून मार खाणाऱ्या मृदंगासारखी झाली. बापाला वाटायचं, मुलगी सासरची बाजू घेते. सासऱ्यांना वाटायचं, सून माहेरची बाजू घेते. ती बिचारी कुणाचीच बाजू घेत नव्हती. तिला फक्त पलीकडे सुखरूप पोचायचं होतं, बसमधल्या सगळ्यांना घेऊन.

तो उन्हाळा कडक निघाला. पूल पसरायला लागला. त्याने फटीत पाय घातला, तर फट भरलेली. त्याने जोर लावला. माझ्या टोकाला असा दाब आला की मी कळवळलो. आमच्यात कधी बोलणं नव्हतं. तो उंचावरचा, मी जमिनीवरचा. पण त्या दुपारी तो पहिल्यांदा बोलला.

‘सरक ना जरा,’ तो म्हणाला.

‘कुठे सरकू? माझ्या मागे सगळी जमीन आहे,’ मी म्हणालो.

त्याचं लोखंड करकरलं. मला कळलं, तोही घाबरलाय. मित्रांनो, एवढी वर्षं मी त्याला भीत होतो, आणि तो घाबरलेला पाहून मला त्याहून मोठी भीती वाटली. घरातलं मोठं माणूस घाबरलं की लहानाने कुणाकडे बघायचं?

मग टण् असा आवाज झाला. माझी फणी ज्या बोल्टांनी जखडलेली होती, त्यातल्या एकाचं डोकं तुटून उडालं आणि माझ्यावर गडगडत आलं. झाडणाऱ्या बाईंनी ते मुकादमांना नेऊन दाखवलं. मुकादमांनी ते उलटसुलट करून बघितलं. तोंडावरचा रंग उतरला त्यांच्या, मी पाहिलं. पण तोंडाने म्हणाले, पुलाचं आहे. आणि सांध्यापाशी जाऊन चपलेच्या टोकाने ते पलीकडच्या रेषेपार सरकवलं. दुसऱ्या दिवशी ते फोरमनच्या नजरेला पडलं. त्यांनीही ते हातात घेतलं, बराच वेळ धरलं आणि परत अलीकडे टाकलं. एक तुटका बोल्ट दोन शहाण्या माणसांमध्ये चेंडूसारखा इकडून तिकडे जात होता, आणि मी खाली पडून बघत होतो. ओरडायला तोंड असतं तर काठावरची सगळी माणसं गोळा केली असती. त्यानंतर आणखी दोनदा टण् झालं. ते तुकडे फटीतच पडले. कुणाला दिसलेही नाहीत.

आणि तो दिवस उजाडला. सकाळपासूनच हवा तापलेली. दुपारी माझं डांबर मऊ पडलं, वर वाफेसारखी झळ थरथरायला लागली. पूल नुसता कण्हत होता. त्याने सगळा भार माझ्यावर टाकला. माझी फणी आता फक्त कोपऱ्यातल्या बोल्टांवर होती. ती पुढच्या बाजूने हळूहळू उचलली गेली. तिचे पोलादी दाते वर आले, टायरच्या उंचीला, आभाळाकडे टोकं करून.

एक मोटार आली. तिची चाकं नेमकी कडेच्या शाबूत भागावरून गेली. तिला काही कळलंही नाही. मग लांबून मला ओळखीची घरघर ऐकू आली. दुपारची बस.

मित्रांनो, तेव्हा मला काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. माझ्या हातात काय होतं? हात तरी कुठे होते? बस भरलेली, इस्पितळात निघालेली म्हातारी माणसं, कामावर निघालेल्या बायका, आणि स्टिअरिंगवर आमची लेक. समोर ते दाते. डावीकडे कठडा, कठड्याखाली भरतीचं पाणी. मी भ्यालो. आयुष्यभर भ्यालो ते सगळं एकदम भ्यालो. मांजर घाबरलं की पाठ कमानीसारखी वर करतं, बघितलंय ना? तशी माझी पाठ वर आली. मागून जमिनीचा आधार, पुढून पुलाचा रेटा, आणि उन्हाने मऊ झालेलं माझं अंग. सांध्याच्या अलीकडे, मुकादमांच्या रेषेच्याही अलीकडे, माझ्या पाठीवर हे एवढं टेंगूळ उठलं. साहेब लोक पुढे म्हणाले, तो दाबाचा परिणाम. असेल. पण मला विचाराल तर ती भीती होती.

काळ्यावर काळं. तिला ते दिसलं नाही. पण पुढची चाकं टेंगळावर चढली आणि बसने जोरात उसळी घेतली. स्टिअरिंग तिच्या हातात गर्रकन फिरलं आणि तिच्या मनगटाचं हाड कडकन मोडलं. तरी त्या उसळीसरशी तिचा पाय ब्रेकवर गेला होता. तिने तो सोडला नाही. बस घासत, किंचाळत पुढे गेली आणि थांबली. एक दाता पुढच्या टायरमध्ये घुसला आणि हवा फुस्स करून निघून गेली. बस कठड्याकडे कलली, पण थांबली. आत एकदम सगळी रडायला लागली.

ती मात्र रडली नाही. तिने कंडक्टरला मागून येणाऱ्या गाड्या अडवायला पळवलं, एका हाताने दार उघडलं, म्हाताऱ्यांना एकेक करून उतरवून माझ्या कडेला, लांब बसवलं. सगळे उतरल्याची खात्री केली. मग मोडलेला हात छातीशी धरून ती चालत सांध्यापाशी आली आणि दोन पिवळ्या रेषांच्या मधल्या पट्ट्यात, त्या उचललेल्या फणीशेजारी, खाली बसली.

तोवर ब्रेकचा आवाज दोन्ही ऑफिसांत गेला होता. इकडून मुकादम धावत आले, चप्पल कुठे पडली त्याचा पत्ता नाही. तिकडून फोरमन जिना चढून धापा टाकत आले. आणि मित्रांनो, काय सांगू, इतक्या वर्षांची सवय! दोघंही धावत धावत येऊन आपापल्या रेषेशी थांबले. बाप या रेषेवर, सासरा त्या रेषेवर. मध्ये ती.

तिने आधी बापाकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे. आवाज न चढवता म्हणाली, ‘मी इथे बसलेय. आता दोघं ठरवा, मी कुणाच्या हद्दीत येते.’

मुकादम तिच्या मोडक्या हाताकडे बघत राहिले. फोरमननी खाली बघितलं. आपल्या बुटांच्या पुढे, ताज्या पिवळ्या रंगाच्या रेषेकडे. मग त्यांनी ती ओलांडली. इस्त्रीच्या पँटनिशी ते तिच्याशेजारी तेलकट गाळात बसले, तिचा हात अलगद आपल्या मांडीवर घेतला आणि मान वर करून ओरडले, ‘अरे, बघत काय राहिलास? पाणी आण!’

अरे! कितीतरी वर्षांनी तो शब्द माझ्या कानावर पडला. मुकादम रेष ओलांडून आले, आधी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग अनवाणी पायांनी तापलेल्या डांबरावरून पाण्यासाठी धावत सुटले. त्यांचे पाय भाजत होते ते मला कळत होतं. मी थंड होऊ शकलो असतो तर झालो असतो.

मग पूल बंद झाला. मोठमोठे साहेब आले, आधी आले असते तर बरं झालं असतं. माझं टेंगूळ कापून काढायला यंत्र आणलं, तेव्हा मी पुन्हा अर्धमेला झालो. लोक म्हणत होते, काय हा रस्ता, बस उडवली. तिला थांबवलं कुणी, हे त्यांना कोण सांगणार? फण्या काढल्या, तेव्हा फटीतून जे निघालं ते बघायला गर्दी झाली. नुसता दगड झाला होता गाळाचा. सबलीने फोडावा लागला. ते फोडायला दोन माणसं स्वतःहून खाली उतरली होती, एक बुटकं आणि एक उंच. साहेब म्हणाले, या वयात तुम्ही कशाला? दोघांनी ऐकलं नाही. संध्याकाळी कठड्याला टेकून ते बसले. डबा कुणीच उघडला नाही. फोरमन एवढंच म्हणाले, ‘तो बोल्ट मी हातात घेतला होता.’ मुकादम म्हणाले, ‘मी पण.’

मुलीचा हात जुळला. थोडा वाकडा जुळला, थंडीत ठणकतो म्हणे, पण ती पुन्हा बसवर आली. पिवळ्या रेषा खरवडून काढल्या. नवा सांधा बसला, आणि तिने पहिल्याच फेरीला वेग कमी करून तो ऐकला. खट्-खट्. इकडे मुकादमांनी डोळे पुसले. तिकडे फोरमननी चष्मा पुसला. दोघं निवृत्त झाले तरी दर उन्हाळ्याआधी काठ्या टेकत यायचे आणि सफाई करणाऱ्यांना नको नको ते सल्ले देऊन भंडावून सोडायचे. हल्ली मुकादम एकटेच येतात. फोरमन गेल्या थंडीत गेले. मुकादम कठड्याला टेकून उभे राहतात आणि बोलत काहीच नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला फार लागतं.

मित्रांनो, गोष्ट इथे संपवली असती. पण मी भित्रा, आणि मला नवी भीती लागली आहे. परवा माझ्या ऑफिसात एक नवे साहेब आले. हसरे आहेत, हुशार आहेत. सांध्यापर्यंत चालत आले, वाकून बघितलं आणि सोबतच्या माणसाला म्हणाले, ‘आपली हद्द नक्की कुठपर्यंत येते हो? एकदा खूण करून घेऊ.’ तो माणूस हो म्हणाला. काल त्याने माझ्या कडेला, कठड्याशी, एक डबा आणून ठेवला आहे. झाकणावरून रंगाचा एक ओघळ खाली आलाय. पिवळा आहे.

म्हणून तुम्हाला हात जोडून, म्हणजे हात असते तर जोडून, एक विनंती करतो. माझ्यावरून जाताना पूल आला की एवढी एक गोष्ट करा. मारामारी थांबवा आणि ऐका. खट्-खट् आलं तर खुशाल झोपा. नाही आलं, तर कुणाला तरी सांगा. तो म्हणेल, ते आमच्याकडे येत नाही. दुसऱ्याकडे जा, तोही तेच म्हणेल. मग तिथेच बसा. रस्त्यावर नव्हे हं, देवा, तुमच्या पाया पडतो, रस्त्यावर मुळीच नाही! त्यांच्या ऑफिसात, त्यांच्या टेबलासमोर बसा, आणि त्यांच्यातला एक जण उठून दुसऱ्याकडे जाईपर्यंत हलू नका.

ऊन चढलंय. पूल पाय पसरायला लागलाय. लांबून घरघर ऐकू येते आहे, दुपारची बस असावी. आता जरा गप्प बसा, मला ऐकू द्या.